हा उजेड कुणाचा?

कुणी लोकलमध्ये असाल, कुणी भांडी घासता घासता ऐकत असाल, कुणी झोप येत नाही म्हणून कानात हेडफोन घालून पडला असाल. जिथं असाल तिथं निवांत ऐका. आज पाहुणा नाही, मुलाखत नाही. आज मी तुम्हाला एका रात्रीची गोष्ट सांगणार आहे. त्या रात्री आम्ही उल्का बघायला गेलो होतो आणि बघून आलो भलतंच.

जे नव्यानं ऐकतायत त्यांच्यासाठी सांगते. मी मूळची अलिबागजवळची. गेली अकरा वर्षं इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला राहते. घरात नवरा, नऊ वर्षांचा लेक, आणि त्या उन्हाळ्यात आमच्याकडं आले होते माझे बाबा.

बाबांबद्दल थोडं सांगायलाच हवं, नाहीतर पुढची गोष्ट कळणार नाही.

बाबा लाईनमन होते. आयुष्यभर वीज मंडळात. खांबावर चढणं, जंपर जोडणं, डीपीचा फ्यूज टाकणं, हेच काम. तुमच्यापैकी जे कोकणात वाढलेत त्यांना माहितीय, पाऊस सुरू झाला की तिकडं लाईट जाते. आणि लाईट गेली की आमच्या घरातले बाबाही जायचे. गावातल्या सगळ्यांच्या घरी अंधारात बाप असायचा. आमच्याकडं नसायचा. दारावरचा रेनकोट गेला की समजायचं, आता बाबा पहाटे येणार. कधी तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. २००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळ आलं तेव्हा तर ते किती दिवस नीट घरी आले नव्हते ते मला आता आठवतही नाही. २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा ते रिटायर झालेले होते, तरी कुठला खांब कुठं होता ते नव्या पोरांना दाखवायला चिखलातून फिरले.

तर असा माणूस न्यूकॅसलला आला. आणि इथं लाईट जातच नाही! अडीच महिन्यांत एकदाही नाही. बाबा एकदा खिडकीत उभं राहून अगदी गंभीरपणे म्हणाले, "इथं माणसानं करायचं काय?"

आता मूळ मुद्दा. आई एप्रिल २०२३ मध्ये गेली. त्या वर्षी गणपती आमच्या घरी न येता काकांकडं बसला. एप्रिल २०२४ ला वर्षश्राद्ध झालं आणि मे अखेर मी बाबांना इकडं घेऊन आले. व्हिजिटर व्हिसावर जास्तीत जास्त सहा महिने राहता येतं. मी परतीचं तिकीट काढलं होतं २० नोव्हेंबरचं. म्हणजे जितकं ताणता येईल तितकं ताणलं होतं.

आणि जुलैपासून बाबांनी सुरू केलं, "गणपतीच्या आत मला जायचंय." २०२४ ला गणपती ७ सप्टेंबरला होते. मी म्हणायची, "बाबा, एकटे राहून काय करणार? मूर्ती कोण आणणार, नैवेद्य कोण करणार, गौरी कोण बसवणार?" ते म्हणायचे, "मी करीन." बस्स. एवढंच. मोठं भांडण नाही, आवाज चढवणं नाही. पण घरात तो विषय सतत असायचा. फ्रिजसारखा. ऐकू येत नाही, पण चालू असतो.

तर १२ ऑगस्ट २०२४. सोमवार, श्रावणातला. बाबांचा उपास. आणि उन्हाचा कहर दिवस होता तो. खाली केंब्रिजला ३४.८ अंश तापमान होतं, ब्रिटनमधला त्या वर्षातला सगळ्यात गरम दिवस. लेकाला शाळेची सुट्टी होती आणि त्याच्या डोक्यात एकच, पर्सिड्स.

पर्सिड्स म्हणजे दरवर्षी ऑगस्टच्या १२-१३ तारखेच्या आसपास होणारा उल्कावर्षाव. स्विफ्ट-टटल नावाचा एक धूमकेतू आहे. सूर्याभोवती एक फेरी मारायला त्याला साधारण १३३ वर्षं लागतात. १९९२ मध्ये तो शेवटचा येऊन गेला. जाताना मागं धूळ सांडत जातो, आणि दर ऑगस्टला पृथ्वी त्या सांडलेल्या धुळीतून जाते. वाळूच्या कणाएवढे तुकडे, सेकंदाला जवळजवळ ५९ किलोमीटर वेगानं आपल्या हवेत घुसतात आणि जळतात. आपण म्हणतो तारा तुटला.

लेकानं कागदावर नियम लिहिले होते. नियम एक, मोबाईल बॅगेत. नियम दोन, पांढरा टॉर्च नाही. नियम तीन, अर्धा तास कुणी उजेड पाडायचा नाही, कारण अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटं लागतात. बाबांनी नियम ऐकले आणि म्हणाले, "म्हणजे गाडीत पेट्रोल घालून अंधार बघायला जायचं?" मी म्हटलं, "हो." त्यांना ते पटलं नाही. ज्या माणसानं जन्मभर अंधार घालवायचं काम केलं, त्याला हे कसं पटणार! पण नातवासाठी निघाले.

बाबांचा उपास सोडून, थर्मासात चहा भरून, चटई, दोन जाड ब्लँकेट, चिवड्याचा डबा असं सगळं घेऊन निघालो. पश्चिमेला तासाभरावर हेड्रियनची भिंत आहे. रोमन सम्राट हेड्रियननं इसवी सन १२२ मध्ये बांधायला घेतलेली, इंग्लंडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्या भिंतीच्या उत्तरेला नॉर्थम्बरलँडचा मोठा रिकामा टापू आहे. डोंगर, मेंढ्या आणि जंगल. २०१३ पासून त्या भागाला अधिकृत 'डार्क स्काय पार्क' म्हणतात. इंग्लंडमधल्या सगळ्यात काळोख्या जागांपैकी ती एक.

आणि गाडीत ते झालं. बाबा सहज म्हणाले, "तिकिटाचं बघितलंस का, बाय?" आणि मी, दिवसभर उन्हात शिजलेली, पटकन बोलून गेले, "बाबा, तिथं तुमची वाट बघणारं आता आहे तरी कोण?"

गाडीत शांतता. नवऱ्यानं आरशातून माझ्याकडं बघितलं. बाबांनी काच थोडी खाली केली. पुढचा अर्धा तास कुणी बोललं नाही. मंडळी, तोंडातून शब्द निघतानाच कळतं ना, की हे चुकलं? तसं झालं. पण सॉरी म्हणायला तोंड उघडेना.

पोचलो तेव्हा साडेदहा झाले होते. गाड्या लावायच्या जागेत अजून तीन-चार गाड्या होत्या. अर्धा चंद्र नैऋत्येला अगदी खाली होता, तोही थोड्या वेळात मावळला. चटई अंथरली, ब्लँकेट पांघरली आणि चौघं एका ओळीत आडवे. मी एका कडेला, बाबा दुसऱ्या. मध्ये लेक आणि नवरा.

बाबांच्या हातात टॉर्च होताच. सवय! लेक ओरडला, "आजोबा, टॉर्च ऑफ!" आणि त्यांनी खरंच बंद केला.

हळूहळू आकाश उघडलं. सप्तर्षी दिसले. त्यांच्यावरून ध्रुव शोधला. आणि गाडीतल्या त्या वाक्यानंतर बाबा पहिल्यांदा बोलले. "ध्रुव एवढा वर कसा?"

मी एकदम उठून बसले, कारण हे मला कधी सुचलंच नव्हतं. ध्रुवतारा क्षितिजापासून किती उंच दिसणार ते तुम्ही पृथ्वीवर कुठल्या अक्षांशावर आहात त्यावर ठरतं. अलिबाग साधारण साडेअठरा अंशांवर. म्हणजे तिथून ध्रुव माडांच्या शेंड्यांच्या आसपासच दिसतो. इथं आम्ही ५५ अंशांवर होतो, म्हणून तो अर्ध्या आकाशाच्याही वर चढलेला. अकरा वर्षांत मी ध्रुवाकडं शंभरदा बघितलं असेल, पण तो इथं वर सरकलाय हे बाबांना पहिल्या रात्रीत दिसलं. मी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?" म्हणाले, "रात्री खांबावर चढलं की समोर तोच असायचा. खाली."

मग ईशान्येला शर्मिष्ठा दिसली, इंग्रजी डब्ल्यूसारखी. आणि तिच्या खाली ययाती. पर्सिड्स ज्या तारकासमूहातून आल्यासारख्या दिसतात त्या पर्सिअसला मराठीत आपण ययाती म्हणतो. लेकानं विचारलं, ययाती कोण? मी गोष्ट सांगितली. एक राजा होता, त्याला अकाली म्हातारपणाचा शाप मिळाला, मग त्यानं आपल्या मुलांना विचारलं, माझं म्हातारपण कोण घेईल आणि मला आपलं तारुण्य कोण देईल? सगळ्यांत धाकट्या पुरूनं दिलं. लेक म्हणाला, "दॅट्स नॉट फेअर." नवरा हसला. बाबा काही बोलले नाहीत.

उल्का पडत होत्या. लेक मोजत होता. एक, दोन, पाच. अकरावी चांगली लांबलचक होती, मागं क्षणभर रेघ राहिली तिची. ह्या उल्का साधारण शंभर किलोमीटर उंचीवर जळतात. म्हणजे अलिबाग ते मुंबई रस्त्यानं जेवढं अंतर आहे ना, जवळजवळ तेवढं सरळ वर.

पावणेबाराच्या सुमारास बाबा उठून बसले आणि उत्तरेकडं बघत म्हणाले, "त्या बाजूला कुठलं गाव आहे?"

मी म्हटलं, "कुठलंच नाही. जंगल आहे, मग स्कॉटलंडची हद्द."

"मोठं शहर?"

"नाही बाबा, त्या बाजूला जवळपास काहीच नाही."

"मग हा उजेड कुणाचा?"

आता बघा, आम्ही तिघंही तिकडंच बघत होतो. मला तिथं एक फिकट ढग दिसत होता, करडा, आडवा. मी त्याच्याकडं ढग म्हणून बघितलं आणि सोडून दिलं. पण बाबांनी आयुष्यभर रात्री क्षितिज वाचलंय. कुठल्या गावची लाईट आली, कुठल्या गावची अजून नाही, हे लांबून आभाळाच्या उजेडावरून ओळखायचं. त्यांच्या हिशोबात तिथं गाव नव्हतं, म्हणजे उजेड असायला नको होता.

आणि तेवढ्यात त्या ढगातून एक खांब वर आला. उभा. खरंच उभा, पुसट पांढरा. शेजारी दुसरा. आणि दोन्ही हळूहळू डावीकडं सरकायला लागले.

नवऱ्यानं नियम मोडला. बॅगेतून मोबाईल काढला, नाईट मोड लावला, तीन सेकंद हात स्थिर धरला. स्क्रीनवर बघितलं तर खाली हिरवा आणि वर गुलाबी! पलीकडच्या गाडीतून कुणीतरी किंचाळलं. लेक उड्या मारत ओरडत सुटला, "अरोरा! आजोबा, अरोरा! नॉर्दर्न लाइट्स!"

मंडळी, आमच्यापैकी कुणीही अरोरा बघायला आलं नव्हतं. त्यासाठी लोक हिवाळ्यात नॉर्वेला, आइसलँडला जातात, थंडीत रात्र रात्र जागतात. आम्ही ऑगस्टात चिवडा खात पडलो होतो.

आता नक्की काय घडलं ते सांगते, सोपं करून. सूर्यावर अधूनमधून मोठे स्फोट होतात आणि भारित कणांचे प्रचंड लोट अवकाशात फेकले जातात. सूर्याचा उजेड आपल्याकडं आठ मिनिटांत येतो, हे लोट साधारण एक ते तीन दिवसांत. त्या आठवड्यात असे काही लोट पृथ्वीच्या दिशेनं आले होते. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र त्यांना अडवतं, पण त्या धक्क्यानं ते स्वतः हलतं, ताणलं जातं, आणि त्यातून इलेक्ट्रॉन वेगानं ध्रुवांकडच्या हवेत खाली उतरतात. हवेतल्या अणूंना धडकतात आणि ते अणू उजळतात. शंभर ते दीडशे किलोमीटरवरचा ऑक्सिजन हिरवा उजळतो. दोनशे किलोमीटरच्या वर तोच ऑक्सिजन लाल उजळतो. नायट्रोजन निळा-जांभळा. वादळ जोरात असलं की हा उजेडाचा पट्टा ध्रुवांपासून खाली सरकतो. १२ ऑगस्टला वादळ 'जी-फोर' दर्जाचं होतं. हे दर्जे पाचच असतात. म्हणजे वरून दुसरा.

हे मी बाबांना सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे निऑनची पाटीच की. गॅसमधून करंट. तिला काचेची नळी असते, हिला नाही." मी विज्ञानाची पदवी घेतलीय, पण अरोरा एवढ्या कमी शब्दांत मला सांगता आला नसता.

मग एक गंमत झाली, आणि हे खास तुमच्यासाठी. आम्ही तिघं मोबाईल धरून उभे. मोबाईलवर भडक हिरवा, भडक गुलाबी. डोळ्यांना मात्र बराच वेळ करडंच दिसत होतं. कारण अगदी कमी उजेडात आपल्या डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात, त्यांना रंग कळत नाही. मोबाईल काही सेकंदांचा उजेड गोळा करतो, म्हणून त्याला रंग मिळतात. पण त्याला हालचाल मिळत नाही, सगळं पुसलं जातं. बाबांकडं साधा मोबाईल होता, त्यामुळं ते नुसते बघत होते. म्हणाले, "तुमच्या फोटोत तो हलत नाही. खरा हलतोय." मी मोबाईल खाली केला. खरंच, खांब एकमेकांत मिसळत होते, विरत होते, पुन्हा उभे राहत होते. आणि मग काही मिनिटं असा जोर आला की रंग नुसत्या डोळ्यांनाही दिसले. हिरवा स्पष्ट. त्याच्या वर लालसर छटा, आपल्याकडं पावसाच्या आधी संध्याकाळी दिसते तशी. आणि त्यातूनच एक उल्का सरळ खाली गेली.

आवाज काहीच नाही. बाबांना त्याचंच नवल वाटत होतं. "एवढं सगळं चाललंय आणि साधं भुणभुणत पण नाही."

मग थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "ह्यानं कुणाची लाईट जात असेल का?"

मी थक्क झाले, कारण जाते! १३ मार्च १९८९ ला अशाच वादळात कॅनडातल्या क्वेबेक प्रांताची अख्खी वीजव्यवस्था दीड मिनिटात कोसळली. साठ लाख लोक नऊ तास अंधारात. चुंबकीय क्षेत्र वेगानं बदललं की जमिनीत करंट निर्माण होतो आणि तो लांबच लांब लाईनींमध्ये शिरतो. बाबांनी लगेच विचारलं, "कुठून, अर्थिंगमधून? न्यूट्रलनं वर?" मी म्हटलं, हो, तसाच. ट्रान्सफॉर्मर त्यासाठी बनवलेलेच नसतात, ते तापतात, सिस्टीम ट्रिप होते. बाबा म्हणाले, "बिचारे." मी म्हटलं, "कोण, ते साठ लाख?" म्हणाले, "नाही गं. त्या रात्री ड्युटीवर असलेले."

मग मी त्यांना अलिबागची गोष्ट सांगितली. तुमच्यापैकी किती जणांना माहितीय? अलिबागला चुंबकीय वेधशाळा आहे. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मोजमापं आधी मुंबईत कुलाब्याला व्हायची, १८४० च्या दशकापासून. १८५९ च्या सप्टेंबरात इतिहासातलं सगळ्यात गाजलेलं सौर वादळ झालं, ज्याला कॅरिंग्टनचं वादळ म्हणतात. त्या वादळाची कुलाब्याची नोंद आज जगभरातले शास्त्रज्ञ वापरतात. पुढं ४ फेब्रुवारी १८७२ च्या वादळात तर मुंबईतून अरोरा दिसल्याची नोंद आहे! मग मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. विजेमुळं मोजमापं बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये ते काम अलिबागला हलवलं. लोखंड टाळून खास इमारत बांधली. बाबा त्या कंपाउंडवरून हजार वेळा सायकलनं गेले असतील. "आत काय करतात कुणास ठाऊक असं वाटायचं," म्हणाले. "म्हणजे हेच मोजतात होय!"

साडेबारा-एकच्या सुमारास उजेड ओसरला. पुन्हा करडा पट्टा. लेक ब्लँकेटमध्ये झोपला, सतरा उल्कांवर. नवरा गाडीत सामान ठेवायला गेला. मी आणि बाबा चटईवर. अंधारात तोंड दिसत नाही ना, त्यामुळं माणसं बोलतात.

बाबा म्हणाले, "तुझी आई मला सांगायची, आपल्या वाडीची लाईट सगळ्यात शेवटी सोडा."

मी विचारलं, "का?"

"लाईट गेली आणि पाऊस थांबला की ती तुम्हा दोघांना घेऊन अंगणात बसायची ना. चांदण्या दाखवायला. मला म्हणायची, तुम्ही लाईट आणता आणि पोरांच्या चांदण्या जातात."

मला एकदम सगळं आठवलं. ओलं अंगण, त्यावर टाकलेलं पोतं, भावाचं डोकं आईच्या मांडीवर, माझा हात तिच्या हातात, आणि ती बोट धरून सप्तर्षी मोजतेय. माझ्या लहानपणातल्या सगळ्यात चांगल्या रात्री त्या. आणि मग खटकन अंगणातला बल्ब लागायचा आणि आई म्हणायची, "आले बघा तुमचे बाबा." बाबा घरी आलेले नसायचे. लाईट आलेली असायची. आई त्यालाच बाबा आले म्हणायची.

"मग तुम्ही सोडायचात का शेवटी?" मी विचारलं.

"छे. नियमात बसत नाही." थोडं थांबून म्हणाले, "दोन-तीनदा सोडली असेन."

पुन्हा थोडं थांबले. "मला ते कधी बघायला मिळालं नाही. तुम्ही बसायचात ते. आज बसलो."

मी काय बोलणार? मला ययाती आठवला. त्यानं मुलाकडं त्याचं तारुण्य मागितलं. आणि मी काय करत होते? मी बाबांकडं त्यांचं म्हातारपण मागत होते. माझ्या घरात, माझ्या डोळ्यासमोर, माझ्या सोयीनं, म्हणजे मला रात्री नीट झोप लागेल. लेक बरोबर म्हणाला होता, दॅट्स नॉट फेअर.

मी म्हटलं, "बाबा, गाडीत मी चुकीचं बोलले."

ते म्हणाले, "वाट बघायला कुणी लागतंच असं नाही, बाय. घर असतं."

दुसऱ्या दिवशी मी तिकीट बदललं. ३० ऑगस्ट. पैसे गेले, मी रडले, सगळं झालं. उगाच सोपं करून सांगत नाही. विमानतळावर मला वाटत होतं, मी चूक करतेय. अजूनही कधी कधी वाटतं. ६७ वर्षांचा माणूस एकटा राहतो, रात्री पाय घसरला तर? याचं उत्तर माझ्याकडं नाही. पण ७ सप्टेंबरला त्यांनी भाच्याच्या मोबाईलवरून व्हिडिओ कॉल केला. गणपती बसला होता. मोदक काकूंनी करून दिले होते. मखराची सगळी लाईटिंग बाबांनी स्वतः केली होती, आणि ती इतकी जास्त होती की मूर्ती नीट दिसत नव्हती.

आणि एक शेवटचं.

१० ऑक्टोबर २०२४. पुन्हा मोठं वादळ आलं आणि या वेळी अरोरा आमच्या घराच्या मागच्या अंगणातून दिसला, शहरातल्या दिव्यांमधून. रात्रीचे दहा वाजलेले. भारतात अडीच. मी विचार न करता बाबांना फोन लावला. आता त्यांच्याकडं स्मार्टफोन होता, जाताना मीच दिलेला. पहिल्याच रिंगला उचलला आणि झोपेतल्या आवाजात म्हणाले, "हां, कुठली लाईट गेली?"

मला हसूही आलं आणि रडूही. मी म्हटलं, "गेली नाही बाबा. आलीय." आणि कॅमेरा वर धरला. व्हिडिओत फार काही दिसत नव्हतं, नुसतं गुलाबी-करडं. म्हणाले, "थांब." टक् असा आवाज आला. त्यांनी खोलीतला दिवा बंद केला होता. म्हणाले, "आता दिसतंय. धर तसाच."

तर मंडळी, ही माझी गोष्ट.

जाता जाता कामाचं सांगते. अरोरा बघायला परदेशातच जावं लागतं असं नाही. १० मे २०२४ ला, अक्षय्य तृतीयेच्या रात्री, 'जी-फाइव्ह' दर्जाचं वादळ आलं होतं, २००३ नंतरचं पहिलं. तेव्हा लडाखमध्ये हानलेच्या आकाशात कॅमेऱ्यांनी लाल उजेड टिपला. हानलेला आपली भारतीय खगोलीय वेधशाळा आहे. महाराष्ट्रातून मात्र अरोराची वाट बघू नका. पर्सिड्स दिसतात. ऑगस्टात आपल्याकडं ढग असतात, त्यामुळं डिसेंबरात १३-१४ तारखेला जेमिनिड्स बघा, आभाळ स्वच्छ असतं. गावाबाहेर जा, आई-बाबांना घेऊन जा, चटई न्या. मोबाईल अर्धा तास बॅगेत ठेवा. नंतर काढलात तरी चालेल, आम्हीपण काढला होता.

आणि तुमच्या घरची लाईट जायची तेव्हा कोण काय करायचं, ते मला नक्की कळवा. चला, पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या, आणि आज रात्री घरी एक फोन करा. फार उशिरा नको!